मागून आणलेली

आमच्या ऋजुताला घरात सगळे भिकू म्हणायचे. हे नाव माझ्या आईनं, म्हणजे तिच्या आजीनं ठेवलेलं. कॉलेजात नवीन मैत्रिणी झाल्या की ऋजुता स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगायची. "मला आमच्या आजीनं भीक मागून आणलंय," असं म्हणायची आणि समोरच्या पोरींची तोंडं बघत बसायची. मग खुलासा करायची. माझ्या बायकोची, हर्षदाची, आधीची दोन बाळं गेली होती. एक पोटातच गेलं, दुसरं जन्मून संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. म्हणून तिसऱ्या खेपेला आजीनं जुना तोडगा केला. जिची पोरं जगतात अशा बाईच्या ओटीत आपलं बाळ घालायचं, 'आता हे तुझं' म्हणायचं आणि पदर पसरून तिच्याकडून ते मागून घ्यायचं. म्हणजे घरावर डोळा ठेवून बसलेल्या काळाला वाटतं, हे पोर या घरचं नव्हेच. तो फसतो आणि परत जातो.

काळ फसला की नाही ते मला माहीत नाही. आम्ही मात्र फसलो.

मी मिरजेत मोटर ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. हसू नका. गाड्या स्वतःच्या स्वतः धावायला लागून बरीच वर्षं झाली, तरी लायसन लागतंच. आमच्या रस्त्यावर म्हैस आडवी बसली की त्या शहाण्या गाड्या थिजतात आणि आतल्या माणसाला स्टिअरिंग धरावं लागतं. शिकाऊ गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. त्यावर पाय ठेवून ठेवून माझा स्वभाव असा झालाय, की समोरचा चुकायच्या आधीच मी ओरडतो. की स्वभाव आधीपासून असा होता म्हणून या धंद्यात टिकलो, कोण जाणे. ऋजुता माझी नक्कल करायची. मी दुधाचं पातेलं उचलायच्या आधीच ती ओरडायची, "पप्पा, सांडताय!"

एकोणिसाव्या वर्षी तिच्या अंगावर निळे डाग उठायला लागले. कुठं धडपडलीस म्हणून मी तिलाच रागावलो. मग जिना चढताना धाप लागायला लागली, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. हाडांच्या आत जिथं रक्त तयार होतं तो मगजच सुकत चाललाय, असं डॉक्टर आरवाडे मॅडमनी सांगितलं. हर्षदानं तिथल्या तिथं बाही वर केली. "माझं घ्या. लागेल तेवढं घ्या."

"आईचंच घेणार आहोत," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. ते मला जसं कळलं तसं सांगतो.

पोटात बाळ असतं तेव्हा आई आणि बाळ यांच्यात नुसतं अन्नपाण्याचं देणंघेणं होत नाही. बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात आणि आईच्या थोड्या बाळात. बाळंतपणानंतर त्या निघून जात नाहीत. पुढं कित्येक वर्षं त्या मुक्काम ठोकून राहतात, लाखो पेशींच्या गर्दीत एखादी. शास्त्रज्ञांना हे फार पूर्वीपासून माहीत होतं, पण त्या गर्दीतून ती एक पेशी नेमकी उचलणारं यंत्र नव्हतं. आता ते आलं होतं. त्याला सगळे मातृपेशी यंत्र म्हणत. फायदा असा, की लेकराचं शरीर आईच्या पेशींना जन्मापासून ओळखतं. परक्याचा मगज घातला तर शरीर त्याला हुसकावून लावतं, आईचा असेल तर सामावून घेतं. त्यासाठी आधी दोघींच्या रक्तात एकमेकींच्या पेशी शोधायच्या, त्या जुळवायच्या, मग आईचा मगज काढून द्यायचा. भावंडाचाही कधी कधी जुळतो, पण आमच्या घरात भावंडं नव्हती.

"म्हणजे मी अजून हिच्यात आहे?" हर्षदानं विचारलं.

"आहात. आणि ती तुमच्यात."

हर्षदाला त्या दिवशी एवढा आनंद झाला, की घरी येऊन तिनं गोडाचा शिरा केला.

अहवाल सांगायला मॅडमनी आम्हा तिघांनाही बोलावलं. ऋजुता सज्ञान होती, त्यामुळे तिला वगळून काही सांगता येत नव्हतं. मॅडम बराच वेळ पेनाचं टोपण काढघाल करत होत्या, आणि माझा पाय टेबलाखाली नसलेला ब्रेक दाबत होता.

"हर्षदाताई, तुमच्या रक्तात तीन बाळांच्या पेशी सापडल्या," त्या म्हणाल्या. "दोन तुमची गेलेली. तिसरी मुलगी आहे." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ती ऋजुता नाही. आणि ऋजुताच्या रक्तात ज्या आईच्या पेशी आहेत, त्या तुमच्या नाहीत."

हर्षदा म्हणाली, "यंत्र बिघडलंय." मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण बाहेरून शिपाई आत आला. ऋजुता मात्र हसली. खरंच हसली. "म्हणजे आजी खरंच सांगायची," ती म्हणाली. "मागूनच आणलंय मला."

घरी येताना गाडीत खिडकीबाहेर बघत ऋजुता एकदाच म्हणाली, "पप्पा, पाणी आहे का?" पाण्याची बाटली हर्षदाच्या मांडीवर होती.

दवाखान्यात बाळं किती वेळा बदलतात, हे पूर्वी कुणालाच माहीत नव्हतं. जी अदलाबदल पकडली गेली तेवढीच मोजली जायची, आणि पकडली जायची ती बहुतेक त्याच दिवशी. जी बाळं ओळखली गेली नाहीत त्यांची बारशी झाली, शाळा झाल्या, लग्नं झाली. मातृपेशी यंत्रानं पहिल्यांदाच ती उजेडात आणायला सुरुवात केली, आणि कुणालाच सोसवेना. शेवटी सरकारनं नियम केला, की जीवावर बेतल्याशिवाय कुणालाही सांगायचं नाही. आणि बेतलं, तरी दवाखान्याच्या जुन्या नोंदींवरून दुसरं घर शोधून त्याला आधी विचारायचं, की तुमच्या कुटुंबाबद्दलची एक जैविक माहिती आमच्याकडे आहे, ती हवी का? त्यांनी नको म्हटलं की विषय बंद. टीव्हीवर एक साहेब म्हणाले, हे प्रमाण नगण्य आहे. मी त्या साहेबाला भरपूर शिव्या दिल्या. तो नगण्य आकडा माझ्या घरात सोफ्यावर पांघरूण घेऊन बसला होता आणि त्याला दर आठवड्याला रक्त चढवावं लागत होतं.

त्या दुसऱ्या घरानं नको म्हणून कळवलं, असं मॅडमनी सांगितलं. नाव सांगायला त्यांना बंदी होती.

पण आम्हाला नावाची गरजच नव्हती. बाळ जिच्याकडून मागून घेतलं, तिचा मान ठेवायचा असतो. वाढदिवसाला तिला खण-नारळ न्यायचा असतो. ऋजुता लहान असताना आजी दर वर्षी तिला घेऊन कवठेमहांकाळला जायची. ऋजुता त्या बाईला 'कवठ्याची आई' म्हणायची. पाचव्या वाढदिवसाला मात्र आजी नारळ तसाच परत घेऊन आली. "बाई माजली. म्हणती, आता येऊ नका," एवढंच ती म्हणाली, आणि येणंजाणं तुटलं. पुढं आजीही गेली.

मी एकटाच गेलो. ती कवठ्याची आई, उज्ज्वला शिरोटे, बेदाण्याच्या शेडमध्ये होती, डोक्याला टॉवेल गुंडाळून द्राक्षांच्या जाळ्या हलवत. नवरा वारल्यावर शेड तीच बघायची. मी नाव सांगायच्या आधीच तिनं टॉवेल सोडला. तिच्या कपाळावर केसांचा भोवरा होता, डाव्या बाजूला. तो भोवरा मी एकोणीस वर्षं रोज बघत आलो होतो. शाळेच्या पहिल्या दिवशी त्याच्यामुळे भांग सरळ पडेना म्हणून मी कंगवा फेकला होता.

"बसा की भाऊ," ती म्हणाली. "येणार ठावं हुतं मला कधीतरी."

"तुम्ही नको म्हणून कळवलंत!" मी उभ्या उभ्याच सुरू झालो. "तिकडं पोरगी मरायला टेकलीय आणि तुम्ही नको म्हणता?"

तिच्या हातातली जाळी खाली पडली. "कोन मरायला टेकलीय?"

त्या शहाण्या नियमात आजाराचा उल्लेख करायचीही बंदी होती. दडपण येतं म्हणे. "मोबाईलवर इचारलं, घरातली माहिती हवी का," ती म्हणाली. "मला ती ठावंच हुती. नवं काय कळणार हुतं? पोरगी आजारी हाय म्हून कुठं लिवलं हुतं?" तिथंच पोत्यावर बसून ती रडली. मला ओरडायला काही उरलंच नाही.

मग तिनं तो दिवस सांगितला. दवाखाना मिरजेतलाच होता, आता बंद पडलाय. हर्षदा रक्तस्राव होऊन बेशुद्ध होती आणि मी तिच्यासाठी रक्त आणायला धावत होतो. शेजारच्या खाटेवर उज्ज्वला, सिझेरियन झालेली. तिचा थोरला मुलगा खाटेभोवती खेळत होता. तो धडधाकट पोरगा बघूनच माझ्या आईनं तिला निवडलं.

"तुमच्या आई म्हनाल्या, देताना अंगावर आपलं म्हून काय ठेवायचं न्हाई. बाळाच्या मनगटाची पट्टी सोडली, झबलं काढलं, दवाखान्याच्या दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. माझीची पट्टी आधीच ढिली हून गळालेली, ती उशापाशी. दोघी मांडीवर, दोघींना सारखंच दुपटं. टाकं दुखायलेले, डोळ्यावर गुंगी. त्यांनी पदर पसरला. मी उचलून घातली. मागनं आया आली. बघितलं तर पट्ट्या खाली. रागावली, आनी जिची पट्टी तिला बांधली. आमच्या मांडीवरची आमची आनी त्यांच्या पदरातली त्यांची, असं धरून."

दवाखान्याची काळजी, आजीची माया आणि आयाचा चोखपणा. चुकलं म्हणावं असं कुणी नव्हतंच, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

"मग तुम्हाला कळलं कधी?"

"पाच वर्षांची घेऊन आल्या तवा. उंबऱ्यात उभी राह्यली आनी मान वाकडी करून हसली. माझी मेलेली आई हसली बघा." तिनं डोळे पुसले. "नंदा माझ्या कडेवर हुती. गळ्यात हात घालून. काय करणार हुते, भाऊ? नंदाला तुमच्या पदरात टाकून हिला वडून घेणार हुते? दोघींनाबी आपली आई कोन ते ठावं हुतं. म्हून म्हनलं, येऊ नका. रोज बघितली असती तर र्‍हावलं नसतं मला."

मगज द्यायला ती लगेच तयार झाली. थोरल्याला यात ओढू नका, म्हणाली. आणि एकच अट घातली. नंदाला, म्हणजे नंदिनीला, कळता कामा नये. कधीच नाही. मी हो म्हणालो. हर्षदाला विचारायला हवं होतं, पण त्या क्षणी मी कशालाही हो म्हणालो असतो.

घरी येऊन सांगितल्यावर हर्षदा बराच वेळ भाजी चिरत राहिली. "कशी आहे ती?" तिनं विचारलं. नंदिनी तेव्हा घरात नव्हती, मी तिला बघितलं नव्हतं. तसं मी सांगितलं. "बरं झालं," हर्षदा म्हणाली.

घरात आणखी एक गोष्ट बदलली होती, आणि ती माझ्याआधी हर्षदाच्या लक्षात आली. ऋजुता तिला हाक मारत नव्हती. पूर्वी ती दर वाक्याला 'आई' लावायची, अगदी वैताग येईपर्यंत. आता ती नुसतं "ऐकतेस का" म्हणायची, नाहीतर हर्षदानं तिच्याकडे बघेपर्यंत वाट बघायची. रागानं नव्हे. तिच्या तोंडून तो शब्द निघतच नव्हता. माझं 'पप्पा' मात्र टिकलं. यंत्रानं बापाबद्दल काही विचारलंच नव्हतं.

"थोड्या दिवसांनी होईल नीट," मी म्हणायचो.

"तिला विचारू नका हं," हर्षदा म्हणायची. "विचारलं तर मुद्दाम म्हणेल. तसलं नको मला."

उज्ज्वला दवाखान्यात आली ती नंदिनीच्या गाडीतून. नंदिनीला एवढंच सांगितलेलं, की तुझ्या जन्माच्या वेळी जी पोर ओटीत घेऊन परत दिली, ती आजारी आहे आणि योगायोगानं माझं रक्त जुळतंय. ती गोष्ट तिलाही पाठ होती. नंदिनी उंच, सडपातळ, हर्षदासारखे लांब हात. तिनं काचेपलीकडच्या ऋजुताला हात केला. ऋजुतानंही केला. तिला सगळं ठाऊक होतं. दोघी काचेच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मी तिथून बाजूला झालो.

मगज काढायच्या आधी उज्ज्वलानं नंदिनीला चहा आणायला पाठवलं आणि हर्षदाला खोलीत बोलावलं. "तवा तुम्ही शुद्धीवर नव्हता," ती म्हणाली. "तुमच्या सासूनं मागितली. ती मागनी खरी न्हवती. आता तुम्ही मागा. मी देते. म्हंजे माझ्या मनाला र्‍हाईल की मी दिलीय, माझ्याकडनं चुकून गेली न्हाई."

हर्षदानं साडी नेसली नव्हती, पंजाबी ड्रेस होता. तिनं ओढणी पसरली. "माझी भिकू मला द्या," ती म्हणाली.

"दिली," उज्ज्वला म्हणाली. मग खाटेवर बसल्या बसल्याच तिनं स्वतःचा पदर पसरला. "आता माझी मला घाला."

हे आम्हा दोघांनाही अपेक्षित नव्हतं. हर्षदानं माझ्याकडे बघितलं. दारातून कॉरिडॉर दिसत होता, आणि तिथून नंदिनी ट्रेमध्ये चार कप घेऊन सावकाश, न सांडता येत होती. आपल्या पोटच्या पोरीला हर्षदा आयुष्यात पहिल्यांदा डोळे भरून बघत होती, आणि ती दारापर्यंत यायच्या आत बोलायला हवं होतं.

"दिली," हर्षदा म्हणाली.

"काकू, साखर कमी घातलीय, चालेल ना?" नंदिनीनं आत येत विचारलं. हर्षदानं चहा घेतला आणि चालेल म्हणाली. ती चहाला दोन चमचे साखर घेते.

मगज रुजला. मॅडम आनंदानं सांगायला आल्या, की ऋजुताचं शरीर त्याला परका मानतच नाही. महिनाभर आम्ही घरी न्यायच्या गोष्टी केल्या. तिच्या खोलीला मी नवा रंग काढला, आणि रंगाऱ्यानं डबा उघडायच्या आधीच त्याच्यावर ओरडलो. पण नवं रक्त पुरतं तयार व्हायच्या आत तिच्या फुप्फुसाला बुरशी लागली. मातृपेशी यंत्र बुरशीपुढं हात टेकतं. तिथं जुनीच औषधं, आणि ती लागू पडली नाहीत.

शेवटच्या दुपारी उज्ज्वलाही आली होती. ती भिंतीशी उभी होती, हर्षदा उशाशी. ऋजुतानं तोंडावरचा मास्क सरकवला आणि स्पष्ट हाक मारली, "आई."

दोघी एकदम पुढं झाल्या. दोघींनी एकदमच "काय गं?" म्हटलं. ऋजुताचे डोळे मिटलेले होते. ती पुढं काही बोलली नाही. कुणाला हाक मारली ते आम्हाला कधीच कळणार नाही, आणि त्या दोघींनी त्याबद्दल एकमेकींना कधी विचारलंही नाही.

दहाव्यानंतर उज्ज्वला आमच्या घरी आली. पाणी घेतलं, फोटोसमोर बराच वेळ बसली. मग हर्षदाजवळ सरकून म्हणाली, "ताई, माझी अट मी माघारी घेते. माझं पदरातलं एक गेलं, तुमचं सगळंच गेलं. नंदा खाली गाडीत हाय. वर बोलावते. सांगूया तिला."

मला तर वाटलं, आत्ता धावत खाली जावं. तेवढ्यात खालून आवाज आला. समोरच्या घरातले काका गाडी मागं घेत होते. त्यांची गाडी अजून कशालाही लागलेली नव्हती, चांगली हातभर जागा शिल्लक होती, आणि नंदिनी खिडकीतून डोकं काढून ओरडत होती, "अहो काका, मागं बघा की! ठोकताय आता!"

माझा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. हर्षदानं तो बघितला. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यातच ती रडायला लागली. ऋजुता गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

"बोलावू?" उज्ज्वलानं विचारलं.

"नको," हर्षदा म्हणाली.

"अगं, पण..." मी म्हणालो.

"नको म्हणते ना!" तिनं तोंड पुसलं. "खरं कळल्यावर माझ्या पोरीच्या तोंडून आई म्हणणं गेलं. महिनोन् महिने मी कान लावून बसले होते. शेवटी म्हणाली, तर ते माझं की यांचं, तेही कळलं नाही. खालच्या पोरीचं जाऊ देणार नाही मी. आणि दिली म्हटलंय."

उज्ज्वला तिच्या गळ्यात पडली. त्या दोघींना तिथं सोडून मी चपला घातल्या आणि खाली उतरलो. का उतरलो ते माहीत नाही. एकदा जवळून बघावं, एवढंच मनात असावं. नंदिनीनं काच खाली केली. तिच्या हनुवटीवर माझ्या आईसारखी खळी होती.

"काका, खूप वेळ लागेल का?" तिनं विचारलं. "आईला म्हणावं, अंधार पडायच्या आत निघूया."

गाडीच्या दारावर माझा हात होता. तो मी काढून घेतला.

"येतेय," मी म्हणालो. "जिना उतरतेय तुझी आई."